हाड जुळतं, हात परत आणावा लागतो

मराठीत हाताचा पसारा मोठा आहे. कुणाचं हातावर पोट असतं, कुणाच्या हाताला गुण असतो, कुणाचा हात सढळ असतो. एखाद्याची धमक जोखायची झाली की आपण मनगटातल्या जोराविषयी विचारतो. आणि माणूस पडतो तेव्हा हेच मनगट सगळ्यांच्या आधी पुढं होतं. ओल्या मोरीत पाय सटकतो, एस.टी.तून उतरताना तोल जातो, अन् काही कळायच्या आत तळहात जमिनीवर टेकलेला असतो. साऱ्या देहाचा भार त्या एवढ्याशा जागेवर येतो. कोपरापासून मनगटापर्यंत जी दोन हाडं असतात, त्यांतलं अंगठ्याच्या बाजूचं हाड, ज्याला डॉक्टर रेडियस म्हणतात, मनगटापाशी मोडतं. पन्नाशी ओलांडलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बायकांमध्ये हे फ्रॅक्चर फार आढळतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. एक्स-रे, हाड बसवणं, प्लास्टर. पाच-सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं आणि डॉक्टर सांगतात, हाड जुळलं. घरी आनंद होतो. पण ज्याचा हात असतो त्याला तो हात ओळखीचा वाटत नाही. कातडी कोरडी, बोटं सुजलेली, मनगट लाकडासारखं. मूठ वळत नाही, पंजा वर उचलत नाही, तळहात उताणा होत नाही. हाड जुळणं ही एक गोष्ट आणि हात परत येणं ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास आज मला सांगायचा आहे. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. शब्दांत रमणारा माणूस आहे. पण या इतिहासात शब्दांचीही मोठी गंमत आहे.

सुरुवात आपल्या घरापासून करू. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांच्या उपचारावर एक स्वतंत्र अध्याय आहे. सांधा निखळणं आणि हाड मोडणं असे दोन भाग करून पहिल्याचे सहा आणि दुसऱ्याचे बारा प्रकार सुश्रुतानं सांगितले. हाड ओढून, दाबून जागेवर कसं आणायचं, वड, पिंपळ, उंबर, पळस अशा झाडांच्या साली आणि बांबूच्या कामट्या लावून ते कसं बांधायचं, हे तपशिलानं दिलं. पट्टी सैल राहिली तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार आवळली तर सूज, वेदना नि पू होतो, हा इशाराही दिला. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी पट्टी सोडून पुन्हा बांधावी, असा नियम घालून दिला.

मला सगळ्यात थक्क करते ती त्यातली हाताविषयीची सूचना. मोडलेल्या हाताच्या तळव्यानं बरं होत असताना काय करावं? तर मातीच्या गोळ्यासारखी मऊ वस्तू धरून सुरुवात करावी, आणि हाताला बळ आलं की दगड धरावा. आज फिजिओथेरपीच्या खोलीत रबराचा मऊ चेंडू, मग कडक चेंडू आणि मग वजन हातात देतात. साधन बदललं, पण क्रम तोच आहे. पट्टी सुटली म्हणजे उपचार संपला, असं त्या प्राचीन शल्यवैद्याला वाटत नव्हतं.

तिथून अरबी भाषेच्या मुलखात जाऊ. अरबीत 'जब्र' असा एक शब्द आहे. त्याचा एक अर्थ बळजोरी आणि दुसरा अर्थ मोडलेलं सांधणं. नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मी या गणितज्ञानं समीकरणं सोडवण्याच्या आपल्या ग्रंथाच्या नावात 'अल्-जब्र' हा शब्द घातला आणि त्यातून 'अल्जिब्रा' जन्माला आला. शाळेत ज्या बीजगणितानं आपल्याला रडवलं, त्याचं नाव मुळात हाड बसवण्याच्या शब्दावरून आलेलं आहे! अरबांबरोबर हा शब्द स्पेनमध्ये गेला आणि तिथं हाडवैद्याला 'अल्जेब्रिस्ता' म्हणू लागले. 'डॉन किहोते' या कादंबरीच्या १६१५ साली आलेल्या दुसऱ्या भागात एक पात्र घोड्यावरून आपटतं, तेव्हा त्याच्यावर उपचार करायला असाच एक अल्जेब्रिस्ता येतो.

स्पेनमधल्याच कॉर्डोबाजवळ दहाव्या शतकात अल्-झहरावी हा शल्यविशारद होऊन गेला. त्याच्या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे आणि त्यात हाडं मोडणं व सांधे निखळणं यांवर सविस्तर लिहिलेलं आहे. त्याच्यानंतरच्या पिढीतल्या इब्न सीनानं, मोडल्याबरोबर घट्ट कामट्या बांधायची घाई करू नये, सूज ओसरू द्यावी, असं मत मांडलं. जब्र या शब्दाचे ते दोन अर्थ लक्षात ठेवा. बळजोरी करायची की सांधायचं, या प्रश्नाभोवतीच पुढची हजार वर्षं हा विषय फिरत राहिला.

आता मनगटापाशी येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातले बहुतेक डॉक्टर या दुखापतीला मनगट निखळणं किंवा मुरगळणं समजत. फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या क्लोद पूतो यांनी हे हाड मोडणं आहे असं लिहून ठेवलं होतं. ते लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १७८३ साली छापलं गेलं, पण त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १८१४ साली डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला आणि ही मोड मनगटाच्या थोडं वर असते, हे दाखवून दिलं. आजही जगभर तिला 'कॉलिस फ्रॅक्चर' म्हणतात.

राँटगेननं क्ष-किरण शोधले १८९५ साली. म्हणजे कॉलिस यांच्याकडे एक्स-रे नव्हता. असं हाड मृतदेहात उघडून पाहण्याची संधीही त्यांना मिळाली नव्हती. त्यांनी केलं ते एवढंच: एका हातानं रुग्णाचा दंडाखालचा भाग धरला, दुसऱ्या हातानं पंजा ओढला. ओढल्यावर मनगट सरळ दिसे, सोडल्यावर पुन्हा वाकडं होई. बोटांना जे कळलं त्यावर त्यांनी निदान केलं. पुढं यंत्रानं त्यावर शिक्का मारला, पण शोध हातानं लागला होता. त्याच लेखात त्यांनी असंही नोंदवलं, की हे मनगट वाकडं राहिलं तरी बऱ्याच काळानंतर त्याच्या हालचाली मोकळ्या होतात आणि दुखणं जातं. त्या 'बऱ्याच काळात' माणसानं काय सोसायचं, हा प्रश्न मात्र उरलाच.

१८५१ साली हॉलंडच्या सैन्यातले डॉक्टर अंतोनियस मातेइसन यांनी कापडी पट्टीत कोरडं प्लास्टर भरून ती ओली करून गुंडाळायची युक्ती काढली. हाड पक्कं धरून ठेवायला याहून सोपं काही नव्हतं. युरोपात ही पद्धत झपाट्यानं पसरली आणि तिच्याबरोबर स्थिर राहण्याचं महत्त्वही वाढलं. इंग्लंडमध्ये ह्यू ओवेन थॉमस यांनी विश्रांतीचा मोठा पुरस्कार केला: सक्तीची, अखंड आणि दीर्घकाळ विश्रांती. या थॉमस यांचे वडील एव्हान हे लिव्हरपूलचे नामांकित हाडवैद्य होते. डॉक्टरांशी झगडून ते दमले आणि त्यांनी आपल्या मुलांना रीतसर डॉक्टर केलं. हाडवैद्याच्या घरातला मुलगा हालचालीऐवजी विश्रांतीचा पाठपुरावा करू लागला, हे या इतिहासातलं एक नवल आहे.

पण प्लास्टरखालचे सांधे आखडत होते. डॉक्टर म्हणत, आमचं काम झालं. मग लोक हळूच हाडवैद्याकडे जात. हे हाडवैद्य अडाणी, त्यांचा धंदा वडिलोपार्जित. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सॅली मॅप नावाची बाई या कामात एवढी गाजली, की होगार्थ या चित्रकारानं १७३६च्या सुमाराला डॉक्टरांची टिंगल करणाऱ्या आपल्या चित्रात तिलाही बसवलं. डॉक्टर अशा लोकांना भोंदू म्हणत, आणि काही वेळा ते खरंही असे.

१८६७ साली लंडनचे थोर शल्यचिकित्सक सर जेम्स पॅजेट यांनी, हाडवैद्य कोणते रुग्ण बरे करतात याच विषयावर आपल्या विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान दिलं. त्यांचं सांगणं सरळ होतं. तुमच्यातल्या बहुतेकांना हाडवैद्य हा प्रतिस्पर्धी भेटणार आहे; त्याच्याकडे जे चांगलं आहे ते घ्या, वाईट आहे ते टाळा. मान्यवर डॉक्टरानं भर वर्गात असं बोलायला मोठं मन लागतं.

त्याच सुमाराला लंडनमध्ये रिचर्ड हटन नावाचा हाडवैद्य आजारी पडला. डॉ. पीटर हूड यांनी त्याच्यावर उपचार केले आणि पैसे घेतले नाहीत. उतराई म्हणून हटननं आपली विद्या शिकवायची तयारी दाखवली. ती शिकले डॉक्टरांचे चिरंजीव, स्वतः डॉक्टर असलेले व्हार्टन हूड. हटनच्या मृत्यूनंतर, १८७१ साली, त्यांनी ती विद्या 'लॅन्सेट'मध्ये आणि पुस्तकरूपानं जगापुढे ठेवली. हटन प्रत्येकाला सांगे, तुमचं हाड सरकलंय. हूड यांनी पाहिलं, की बहुतेकांचं हाड मुळीच सरकलेलं नसे. सांध्याभोवती जे धरून बसलं होतं ते हटन दुखऱ्या जागी अंगठा दाबून, एका झटक्यानं मोकळं करी. कारण चुकीचं, पण गुण खरा. हाताला जे समजलं होतं ते त्याला शब्दांत सांगता येत नव्हतं. मी कविता लिहितो म्हणून असेल, पण ही नोंद वाचून मला हटनविषयी आपुलकी वाटली.

तरीही हा झटका म्हणजे जब्रचा पहिला अर्थच होता. दुसरा अर्थ दाखवला फ्रान्सच्या झ्युस्त ल्युका-शाँपियोनिएर यांनी. लिस्टरची जंतुनाशक शस्त्रक्रिया फ्रान्समध्ये नेणाऱ्यांपैकी ते एक. हालचाल म्हणजेच जीवन, असं ते मानत. १८९५ साली त्यांचा मालिश आणि हालचाल यांनी फ्रॅक्चर बरं करण्यावरचा ग्रंथ आला. मनगटापाशी मोडलेल्या हाताला त्यांची पद्धत विशेष लागू पडते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या मालिशमध्ये रगडणं नव्हतं. रुग्णाला दुखता कामा नये, ही पहिली अट. हात कातडीवरून अलगद फिरवायचा, आखडलेले स्नायू सैल पडू द्यायचे, मग थोडी थोडी हालचाल करवून घ्यायची. दुखलं तर पद्धत चुकली, असा त्यांचा दंडक होता. आपल्याकडे अजूनही 'दुखल्याशिवाय गुण येत नाही' असं मानणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हा फ्रेंच डॉक्टर ध्यानात ठेवावा.

हे काम पुढं नेलं ते बायकांनी. १८९४ साली लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात अशी ओरड झाली. तेव्हा परिचारिकेचं काम करणाऱ्या चार स्त्रियांनी आपल्या व्यवसायाची अब्रू राखण्यासाठी प्रशिक्षित मालिशकार स्त्रियांची संस्था काढली. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय उपचार करायचा नाही, असे कडक नियम घालून घेतले. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या रांगा लागल्या आणि या हातांची किंमत सरकारला कळली. १९२० साली संस्थेला राजाची सनद मिळाली. आजच्या ब्रिटिश फिजिओथेरपी संघटनेची ही आई.

पण डॉक्टर आणि हाडवैद्य यांच्यातली भिंत लगेच पडली नाही. हर्बर्ट बार्कर या इंग्रज हाडवैद्याच्या रुग्णांना भूल देतो म्हणून अ‍ॅक्सहॅम नावाच्या डॉक्टरचं नाव १९११ साली वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकलं गेलं. १९२२ साली त्याच बार्करला 'सर' हा किताब मिळाला. ज्ञान कुणाच्या हातात आहे, यावरून त्याची किंमत ठरते, हे आपल्या देशात वेगळं सांगायला नको.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या हस्तविद्येला व्याकरण मिळालं. नॉर्वेच्या फ्रेडी काल्टनबोर्न यांनी सांध्यांच्या पृष्ठभागांचा आकार पाहून हाड कोणत्या दिशेला सरकवायचं याचे नियम सांगितले. मनगटात आठ लहान हाडं असतात. त्यांची रेडियसकडची बाजू फुगीर आणि रेडियसचं टोक खोलगट. म्हणून पंजा वर उचलायचा असेल तर ती लहान हाडं उलट, तळव्याच्या दिशेला सरकावी लागतात. थेरपिस्ट एका हातानं रेडियस पक्कं धरते आणि दुसऱ्या हातानं ही हाडं हळुवार सरकवते. पाहणाऱ्याला काही हलल्याचं दिसतसुद्धा नाही. हे नियम सगळीकडे तंतोतंत लागू पडतात का, यावर पुढं वाद झाले, पण विचार करण्याची रीत रुजली. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी या दाबाच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिल्या दोन, सांध्याच्या मर्यादेच्या अलीकडे राहणाऱ्या, दुखण्यासाठी. पुढच्या दोन, मर्यादेपर्यंत जाणाऱ्या, आखडलेपणासाठी. आधी दुखणं ऐकायचं, मग बळ लावायचं. जब्रच्या दोन अर्थांमधलं अंतर या चार पायऱ्यांत मोजलं गेलं.

आपल्याकडे ही विद्या रीतसर आली ती मुंबईत. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथींच्या पार्श्वभूमीवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं परळच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. १९५५ साली हाजीअलीजवळ पुनर्वसन-वैद्यकाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. पुढं महाराष्ट्रात फिजिओथेरपीची महाविद्यालयं निघाली आणि तालुक्याच्या गावीही या पाट्या दिसू लागल्या. २०२१ साली संसदेनं संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला, त्यात फिजिओथेरपिस्टांनाही स्थान मिळालं.

पण पाटी लागली म्हणून माणूस तिथवर पोचतोच असं नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं, आपाचं, मनगट मोडलं तेव्हा हे मी जवळून पाहिलं. ज्या दवाखान्यात प्लास्टर काढलं तिथं 'आता हात हलवत राहा' एवढंच सांगितलं. कसा, किती, कुठवर, काही नाही. आपा हात पदराखाली झाकून बसू लागली. भाकरी थापणं सुनेकडे गेलं, त्याचं तिला फार वाईट वाटलं नाही. तिला लागलं ते वेगळंच. नमाजनंतर दुवा मागायला दोन्ही तळहात उताणे करून जवळ आणावे लागतात. तिचा उजवा तळहात अर्ध्यातच थांबे. सजद्यात तळहातावर भार देता येत नसे. 'एका हातानं मागितलेलं पोचत असेल का रे?' असं तिनं मला विचारलं. अल्लाह हात मोजत नाही, असं मी म्हणालो खरा. पण तिचं समाधान झालं नाही.

मग एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे तिला नेलं. त्या पोरीनं पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही. दहा मिनिटं नुसता तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली. कुठं दुखतं, कुठवर जातो, हे बघत राहिली. आपा नंतर म्हणाली, 'पडल्यापासून माझ्या हाताला सगळे भीत होते. ही भ्याली नाही.' पुढं रोज घरी करायचे व्यायाम आणि आठवड्यातून दोन वेळा तिचा हात. तळहात उताणा व्हायला जवळजवळ तीन महिने लागले.

यावरून मी मोठा निष्कर्ष काढणार नाही. कारण विज्ञान एका आपावर चालत नाही. मनगट मोडल्यानंतरच्या पुनर्वसनावर झालेल्या चाचण्या एकत्र पाहणारा कॉक्रेन संस्थेचा आढावा २००६ साली आणि पुन्हा २०१५ साली आला. दुसऱ्या आढाव्यात २६ चाचण्या आणि १,२६९ रुग्ण होते. निष्कर्ष असा, की कोणता उपचार नक्की किती उपयोगी, हे ठामपणे सांगायला पुरावा अपुरा आहे. काही चाचण्यांत नुसता नीट समजावलेला घरचा व्यायाम आणि हातानं केलेले उपचार यांत फारसा फरक दिसला नाही. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मात्र 'नीट समजावलेला' हे शब्द वाचताना घाईनं पुढं जाऊ नये. आपल्याकडे अनेकांना तेवढंही मिळत नाही.

आणि हाडवैद्य? आमच्याकडे तालमीतले वस्ताद लचक काढतात, गावोगावी पिढीजात हाडवैद्य आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या बोटांत खरोखर जाण असते, पॅजेटनी सांगितलेला आदर त्यांनाही मिळावा. पण मोडलेल्या हाडावर तेल रगडणं आणि आवळून कामट्या बांधणं यांनी बोटं काळी पडून हात गमावण्याची वेळ येते, हेही तेवढंच खरं. सुश्रुतानं आवळलेल्या पट्टीचा धोका सांगून ठेवला आहे. आधी एक्स-रे, आधी डॉक्टर. बोटं निळी पडली, बधिर झाली, प्लास्टरमध्ये असह्य दुखू लागलं तर रात्र असली तरी थांबू नये. आणि हाड पुरतं जुळलं असं डॉक्टर म्हणेपर्यंत कुणालाही मनगट ओढू देऊ नये.

एवढं झाल्यावर मात्र हाताला वाऱ्यावर सोडू नका. प्लास्टर असतानाही बोटं, कोपर आणि खांदा हलवत राहायचं असतं. ते कसं, हे पहिल्याच दिवशी विचारा. प्लास्टर निघेल त्या दिवशी उठण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: कोणत्या हालचाली करायच्या, किती वेळा करायच्या, आणि कुठवर दुखलं तर थांबायचं? घरातली बाई असेल तर तिच्या वतीनं तुम्ही विचारा, कारण 'होईल हळूहळू' म्हणून ती गप्प बसेल. तिला दवाखान्यात न्यायला आणायला वेळ काढा. तेवढ्या दिवसांची धुणीभांडी दुसऱ्या कुणीतरी करावी. हाड निसर्ग जोडतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. हात परत यायला मात्र कुणीतरी तो हातात घ्यावा लागतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)